नववीतल्या मुलासाठी चार वर्षांचा ‘करिअर प्रोग्राम’ घ्यावा का? बायफोकल, डिप्लोमा, आयटीआय आणि इंटिग्रेटेडबद्दल सविस्तर

नवी मुंबईच्या ऐरोलीतल्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मुलगा नववीत, स्टेट बोर्ड, इंग्रजी माध्यम. गणित बरं, भाषा जेमतेम. घरातला बंद पडलेला मिक्सर, पंखा उघडून बसायची खोड. शाळेच्या पालकसभेत एका खासगी क्लासच्या माणसाने नववी ते बारावी असा चार वर्षांचा ‘रोबोटिक्स आणि एआय करिअर प्रोग्राम’ समजावून सांगितला. फी लाखाच्या वर, हप्त्यांची सोय. वडिलांना अकरावीला इंटिग्रेटेड, म्हणजे क्लास आणि कॉलेज एकत्र, हवंय, मामा म्हणतो सरळ डिप्लोमाला घाला. यातलं काय निवडायचं आणि मुलाला विचारायचं कसं, असं त्या विचारतात. मुलाला अजून कुणी विचारलेलं दिसत नाही.

मी ठाण्यात ज्युनियर कॉलेजला बायफोकल (सायन्ससोबत घेता येणारा तांत्रिक विषय) इलेक्ट्रॉनिक्स शिकवत आलोय आणि प्रवेशाच्या दिवसांत पालकांशी बोलण्यात माझा बराच वेळ जातो. म्हणून आधी माझं मत सांगून टाकतो. तुम्ही लिहिलंय तसा मुलगा असेल तर पहिली पसंती अकरावी सायन्समध्ये बायफोकल. गणित सुटतंय, पण सीईटी-जेईई या इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षांच्या शर्यतीत तो रडकुंडीला येईल असं वाटत असेल तर डिप्लोमा. चार वर्षांचं पॅकेज नको. इंटिग्रेटेडबद्दल खाली बोलतो.

कुठलाही विशेष कोर्स बघताना मी दोन गोष्टी तपासतो. एक, हा कोर्स घेतला की पुढचे कुठले रस्ते बंद होतात. दोन, वर्कशॉपमध्ये मुलं खरोखर यंत्राला हात लावतात की नाही. माहितीपत्रकावर काय छापलंय, कुठल्या मोठ्या कंपनीचा लोगो आहे, ‘इंडस्ट्री पार्टनर’ कोण, हे मी वाचतही नाही.

पहिली गोष्ट बायफोकलला लावून बघू. आपल्या बोर्डात अकरावी-बारावी सायन्सला बायफोकल घेतलं की दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत जीवशास्त्र, सुटतो. त्यांच्या जागी २०० गुणांचा एकच तांत्रिक विषय येतो: इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, मेकॅनिकल मेंटेनन्स वगैरे. इंग्रजी, गणित, फिजिक्स, केमिस्ट्री तशीच राहतात. २०० पैकी निम्मे गुण प्रॅक्टिकलचे असतात. आता बंद काय झालं? मेडिकल. नीटला जीवशास्त्र लागतं. २०२३ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून देण्याची वाट मोकळी केली खरी, पण त्या भरवशावर कुणी बायफोकल घेऊ नये. इंजिनीअरिंग, बीएस्सी, आर्किटेक्चर, एनडीए, मर्चंट नेव्ही, पायलट, सगळं उघडं राहतं. तुमच्या मुलाची भाषा जेमतेम आहे, म्हणजे दुसरी भाषा सुटणं हाही फायदाच. मराठीच्या मास्तरांनी मला माफ करावं.

आणखी एक फायदा पालक सहसा हिशेबात धरत नाहीत, तो म्हणजे वेळ. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) गटात फिजिक्स आणि केमिस्ट्री ५०-५० गुणांचे, गणित १०० गुणांचं, आणि प्रश्नांचा भर ८० टक्के बारावीवर, २० टक्के अकरावीवर. बायफोकलवाल्या मुलाला जीवशास्त्राच्या आकृत्या काढत बसायचं नसतं. त्याचा तांत्रिक विषय बराचसा प्रॅक्टिकलमध्येच तयार होतो आणि घरी गणिताला वेळ उरतो.

इलेक्ट्रॉनिक्स की कॉम्प्युटर सायन्स, हा पुढचा प्रश्न येणारच. बहुतेक गर्दी कॉम्प्युटर सायन्सकडे असते, कारण आयटी हा शब्द. तो विषय वाईट नाही. पण मिक्सर उघडणाऱ्या मुलाला मी इलेक्ट्रॉनिक्स किंवा इलेक्ट्रिकल मेंटेनन्सच सुचवेन. प्रोग्रामिंग घरी लॅपटॉपवर शिकता येतं. सोल्डरिंग आणि मल्टिमीटर घरी शिकवणारं कुणी नसतं. कुणी म्हणेल अभ्यासक्रम जुनाट आहे, अजून १९७६ सालचा ८०८५ मायक्रोप्रोसेसर काय शिकवता. कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरात तो वर्षानुवर्षे होता आणि टीका खोटी नाही. पण त्या जुन्या चिपवर एकेक रजिस्टर (चिपमधली आकडे ठेवायची छोटी जागा) हाताने भरून बघणाऱ्या मुलाला पुढे मायक्रोकंट्रोलर (उपकरणं चालवणारी छोटी चिप) परका वाटत नाही, हेही मी पाहिलंय.

आता दुसरी गोष्ट, म्हणजे वर्कशॉप. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळी फसवणूक इथे होते आणि ती पकडणं सोपं आहे.

कॉलेजला फॉर्म भरण्याआधी एखाद्या कामाच्या दिवशी दुपारी जा. सकाळी नको, सकाळी लेक्चर्स असतात आणि सगळीच कॉलेजं चांगली दिसतात. लॅब कुठे आहे विचारा आणि दारातून आत बघा. ऑसिलोस्कोपवर (विजेचे सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) अजून प्लास्टिकचं कव्हर असेल, खाली साठलेली धूळ दिसत असेल, तर तो वर्षाकाठी एकदा, परीक्षकासाठी चालू होतो असं समजा. सोल्डरिंग आयर्नची टोकं बघा. वापरातलं टोक काळं पडलेलं आणि थोडं झिजलेलं असतं. सगळीच चकचकीत असतील तर शंका घ्या. कचऱ्याच्या डब्यात तारांचे तुकडे, जळका रेझिस्टर, फुगलेला कपॅसिटर सापडला तर मला आनंद होतो. मुलं चुका करतायत, म्हणजे काम करतायत.

पहिल्या सत्रात मुलांकडून साधारण काय करून घ्यायला हवं याचा एक नमुना देतो: पाच व्होल्टचा पॉवर सप्लाय. छोटा ट्रान्सफॉर्मर, चार डायोडचा ब्रिज, एक १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर. एवढंच. पण यात सगळं येतं. डायोडची पट्टी कुठल्या बाजूला, कपॅसिटरचं ऋण टोक कुठलं, हे चुकलं की कपॅसिटर फुगतो, कधी आवाज करून फुटतो, आणि तो धडा मूल जन्मभर विसरत नाही. मग सोल्डर. चांगला जॉइंट चकाकतो आणि पायाभोवती उतरत्या शंकूसारखा बसतो. ड्राय जॉइंट राखाडी, गोळ्यासारखा, वरून चिकटलेला दिसतो आणि बोटाने हलवला की सप्लाय येतो-जातो. मूल आधी सर्किट दहा वेळा तपासतं, डायोड बदलतं, रेग्युलेटर बदलतं, आणि शेवटी कळतं की दोष सोल्डरमध्ये आहे. पुढे मोठ्या प्लांटमध्ये फॉल्ट शोधताना हीच सवय कामाला येते: एका टोकापासून सुरुवात करायची, प्रत्येक टप्प्यावर मीटर लावायचा, अंदाजाने पार्ट बदलायचे नाहीत. क्लासच्या तयार किटमध्ये हे कधीच होत नाही, कारण तिथे सगळं खटकन जोडलं जातं आणि पहिल्याच फटक्यात दिवा लागतो.

लॅब असिस्टंटशी बोला. प्राचार्यांशी नंतर. ‘गेल्या वर्षी मुलांनी काय बनवलं, दाखवता का?’ एवढंच विचारा. माणूस कपाट उघडून धुळकट बोर्ड काढून दाखवायला लागला, त्यातलं एखादं चालू करून दाखवायची त्याला हौस आली, तर फॉर्म भरा. तो ‘सर आल्यावर या’ म्हणाला तर पुढचं कॉलेज बघा.

अकरावीचा प्रवेश आता सगळ्या राज्यात ऑनलाइन आहे. बायफोकलच्या जागा नेहमीच्या सायन्सपेक्षा खूप कमी असतात आणि विनाअनुदानित असतील तर वेगळी फी पडते. प्रत्येक कॉलेजला प्रत्येक विषय नसतो. म्हणून दहावीच्या सुट्टीत ठाणे, वाशी, नेरूळ अशी यादी करून आधीच चौकशी केलेली बरी. ट्रान्स हार्बर लाइनवर ऐरोलीहून दोन्ही बाजूंना जाता येतं, पण प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत चालतात, तेव्हा परतीची गर्दी लक्षात घ्या. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला रोज दीड-दीड तासाचा प्रवास लादून ‘चांगलं कॉलेज’ मिळवण्यात अर्थ नाही.

मामांचा डिप्लोमा. तंत्रशिक्षण मंडळाचा तीन वर्षांचा, दहावीच्या गुणांवर प्रवेश. ठाण्यात व्हीपीएमचं पॉलिटेक्निक आहे, वाशीला अग्नेल, खारघरला भारती विद्यापीठ. डिप्लोमानंतर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि त्यासाठी सीईटी द्यावी लागत नाही. हाच मोठा फायदा: बारावीचं ते ताणाचं वर्ष आयुष्यात येतच नाही. दुसरी बाजू अशी की बारावी झालेली नसते. पुढे मुलाला एनडीए द्यावंसं वाटलं, साधं बीएस्सी करावंसं वाटलं, तर अडू शकतं. आणि पहिल्या वर्षाच्या गणितात बरीच मुलं आपटतात, कारण दहावीला जे गणित ‘बरं’ होतं ते इथे पुरत नाही. मंडळाने मराठी-इंग्रजी मिश्र माध्यमाची सोय दिलीय, मराठी माध्यमातल्या मुलांना ती उपयोगाची. तुमच्या मुलाला तो प्रश्न नाही.

डिप्लोमाला घालायचं तर शाखा नीट निवडा. इथे मी आजूबाजूला बघायला सांगेन. तुम्ही ऐरोलीत राहता. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटर उभी राहिलीत. लोकांना वाटतं तिथे फक्त कॉम्प्युटरवाले लागतात. आत बघितलं तर निम्मी इमारत वीज आणि थंडाव्याची असते: ट्रान्सफॉर्मर, यूपीएस, बॅटऱ्यांच्या खोल्या, डिझेल जनरेटर, चिलर. चोवीस तास, तीन पाळ्यांत ते चालू ठेवणारी माणसं इलेक्ट्रिकल डिप्लोमावाली, आयटीआय इलेक्ट्रिशियन, रेफ्रिजरेशन आणि एसीवाली असतात. टीटीसी या इथल्या औद्योगिक वसाहतीतले जुने केमिकल कारखाने कमी झाले म्हणून ‘इथे आता कोअर इंजिनीअरिंगला काम नाही’ असं सांगणारे लोक या खोल्यांमध्ये कधी गेलेले नसतात.

आयटीआयबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीच विचारत नाही म्हणून सांगतो. सोसायटीत ‘आमचा मुलगा आयटीआयला आहे’ म्हणायला लाज वाटते, एवढंच त्याचं वावडं. वागळे इस्टेटचं सरकारी आयटीआय तुमच्यापासून लांब नाही. इलेक्ट्रिशियन, फिटर, मशिनिस्ट, एसी टेक्निशियन हे दोन वर्षांचे ट्रेड, वेल्डर एक वर्षाचा. फिटरच्या मुलांना पहिले कित्येक आठवडे कानस घेऊन लोखंडाचा एक तुकडा चौकोनी करायला लावतात. घासायचं, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडाकडे धरायचं, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. कंटाळवाणं काम. पण हाताला मिलिमीटरच्या अंशाचा अंदाज येतो. मग अॅप्रेंटिसशिप कायद्याखाली वर्षभर कारखान्यात, स्टायपेंड घेऊन. मध्य रेल्वेची वर्कशॉप्स आयटीआय झालेल्यांना अॅप्रेंटिस म्हणून घेतात, माझगाव डॉक तर आठवी आणि दहावीच्या मुलांनाही परीक्षा घेऊन प्रशिक्षणाला घेतं. दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तिथून पुढे इंजिनीअरिंगलाही. वाट लांब आहे, पण बंद नाही. मुलाचं गणित दहावीपर्यंत ढेपाळलं तर हा पर्याय मनात ठेवा आणि त्याला तो शिक्षा म्हणून सांगू नका.

इंटिग्रेटेड. वडिलांना स्पष्ट सांगा की हा काही वेगळा अभ्यासक्रम नाही. कोचिंग क्लास आणि ज्युनियर कॉलेज यांच्यातली ती व्यवस्था आहे: मूल कागदावर कॉलेजात, प्रत्यक्षात क्लासमध्ये. २०१८ मध्ये शासनाने सायन्स ज्युनियर कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरीची सक्ती केली ती यासाठीच. आयआयटीचंच ध्येय असेल, मुलाला तासन्‌तास प्रश्न सोडवायला आवडत असेल, तर क्लास लावा. त्याला माझा विरोध नाही. पण ज्या मुलाचे हात शिवशिवतात त्याला दोन वर्षं फक्त चार पर्यायांतला एक निवडायला बसवलं तर काय होतं ते मी इंजिनीअरिंगला गेलेल्या माझ्या माजी विद्यार्थ्यांकडून ऐकतो. फिजिक्सचं प्रॅक्टिकल ३० गुणांचं. त्याचं जर्नल दुसऱ्याचं बघून उतरवलेलं असतं आणि पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये व्हर्निअर हातात धरता येत नाही.

आता तो चार वर्षांचा रोबोटिक्सचा प्रोग्राम. त्या माणसाला एकच प्रश्न विचारा: तुमच्या प्रमाणपत्रावर कुठल्या प्रवेश अर्जातला कुठला रकाना भरता येतो? अकरावीच्या अर्जात नाही, डिप्लोमाच्या नाही, आयटीआयच्या नाही, सीईटीच्या तर नाहीच. मग उरतं काय? शिकणं. ते स्वस्तात होतं. मुलाच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे का बघा. नीती आयोगाची ही योजना सहावी ते बारावीसाठी आहे आणि शाळांना २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. बऱ्याच शाळांत लॅब आहे आणि कुलूप लावलेलं आहे. दोन-चार पालकांनी मिळून आग्रह धरला तर ते उघडतं. नसेल लॅब, तर एखाद्या शनिवारी मुलाला मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घेऊन जा. आर्डुइनो बोर्ड (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सर्किट जोडायची पाटी), मल्टिमीटर, थोडे सेन्सर, सोल्डरिंग आयर्न, एवढ्याचा खर्च त्या प्रोग्रामच्या एका हप्त्याच्या आसपासही जाणार नाही. दुकानदाराशी बोलू द्या त्याला. ‘किती व्होल्टचा पाहिजे?’ हा प्रश्न तिथला काउंटरवरचा माणूस ज्या घाईत विचारतो, त्याचं उत्तर द्यायची तयारी मुलाने केली की अर्धं काम झालं.

शाळेतच नववी-दहावीला व्यवसाय शिक्षणाचा विषय असेल, मल्टीस्किल, ऑटोमोटिव्ह किंवा असाच काही, तर तो घ्यायला हरकत नाही. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या, पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाने मुलांकडून शाळेच्या वेळात वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती करून घेतली. मल्टीस्किलची मुळं तिथली. फक्त तो कुठल्या विषयाच्या जागी बसतो आणि दहावीच्या टक्केवारीत कसा धरला जातो, हे शाळेकडून लिहून घ्या.

नवी मुंबईत आहात म्हणून एक इशारा. विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं आणि तेव्हापासून ‘एव्हिएशन’ नावाचे कोर्स विकणारे क्लास पावसाळी छत्र्यांसारखे उगवलेत, अगदी दहावीच्या मुलांसाठी. विमान दुरुस्तीचं लायसन्स डीजीसीए या केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक नियामकाचं असतं आणि त्यासाठी डीजीसीएने मान्य केलेली संस्था लागते. प्रवेश बारावी पीसीएमवर. पायलटलाही बारावीचं फिजिक्स आणि गणित लागतं. म्हणजे बायफोकलवाला मुलगा इथेही बाद होत नाही. तीच गोष्ट बेलापूर-नेरूळकडच्या मर्चंट नेव्हीच्या एजंटांची. नेरूळजवळ करावेला टी. एस. चाणक्य ही इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची संस्था आहे, तिथे आयएमयूच्या प्रवेश परीक्षेने जातात, कुणाला पैसे देऊन नाही. दहावीनंतरचा जीपी रेटिंगचा (जहाजावरच्या खलाशांचा) कोर्स खरा आहे, पण संस्था डीजी शिपिंग या केंद्र सरकारच्या नौवहन कार्यालयाच्या यादीत हवी, आणि जहाजावर नोकरी लावणाऱ्या एजन्सीकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं लायसन्स हवं. दोन्ही डीजी शिपिंगच्या साइटवर तपासता येतं. ‘जॉइनिंग गॅरंटी’ म्हणणाऱ्या माणसाला रोख रक्कम देऊ नका.

मुलाला विचारायचं कसं, हेही तुम्ही विचारलं होतं. ‘तुला काय व्हायचंय?’ असं विचारू नका. पंधराव्या वर्षी त्याचं खरं उत्तर कुणाकडे नसतं आणि तो तुम्हाला आवडेल ते सांगेल. एखाद्या ओळखीच्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडे, एसी दुरुस्तीवाल्याकडे दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर सोबत फिरू द्या. नुसतं बघायला, लाइव्ह वायरला हात न लावता. संध्याकाळी घरी आल्यावर तो काय सांगतो ते ऐका. पॅनेलमध्ये काय होतं, बिघाड कसा सापडला, हे न विचारता सांगत सुटला तर बायफोकल किंवा डिप्लोमा, दोन्ही चालेल. फक्त उन्हाबद्दल आणि जिन्यांबद्दल बोलला तर घाई करू नका, अकरावी साधं सायन्स घ्या, जीवशास्त्रही राहू द्या.

शेवटी कागदपत्रं, कारण दर वर्षी निकालानंतर तहसील कार्यालयात आणि सेतू केंद्रांत झुंबड उडते. डोमिसाईल (अधिवासाचा दाखला) आत्ताच काढून ठेवा. उत्पन्नाचा दाखला त्या-त्या आर्थिक वर्षाचा लागतो. आरक्षणात बसत असाल तर जातीचा दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रिमीलेयर, त्याची मुदत बघून. इंजिनीअरिंगला राखीव जागेवर जायचं असेल तर जातवैधता प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत करायचा असतो, बारावीच्या निकालानंतर धावलात तर वेळेत हाती येईलच असं नाही. वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि मुलाच्या दाखल्यावर नावाचं, जातीचं स्पेलिंग जुळतंय का तेवढं या रविवारीच काढून बघा.